हत्तीचा चौथा पाय

माझ्या मामांना कोणी विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर ते "भिंती" एवढंच सांगत. नवख्या माणसाला वाटे, हे गवंडी असावेत. मामा चाकणला राहतात आणि लग्नघरांच्या भिंतींवर चित्रं काढतात. आमच्या भागात लग्न ठरलं की मांडवाच्या आधी भिंत ठरते. दर्शनी भिंतीला चुना द्यायचा, दारावर गणपती काढायचा, दाराच्या दोन बाजूंना सोंडेत हार धरलेले दोन हत्ती, त्यांच्या पलीकडे भालदार-चोपदार, वर मोर आणि पोपट, आणि वेलबुट्टीच्या चौकटीत नवरा-नवरीची नावं. मामांची शाळा दोन इयत्तांतच संपली, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पाचवीत असल्यापासून मामा मला उन्हाळ्याच्या सुटीत बोलावून घेत. नावांवरून मी वेलबुट्टीवर आलो, वेलबुट्टीवरून पोपटांवर. हत्तीपर्यंत पोचायला मला कॉलेजात जावं लागलं.

आम्ही चिंचवडला राहतो. वडील रेल्वेत गँगमन आहेत. मी रोज सकाळच्या शटलनं पुण्याला जातो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी तिथे नेमकं काय करतो हे घरात कोणाला नीट सांगता येत नाही. खरं म्हणजे मलाही येत नाही. विषय इतिहास आणि अर्थशास्त्र आहेत. शिवाय आठवड्यातून दोन दिवस कॉलेज सुटल्यावर मी एका चित्रकलेच्या वर्गाला जातो. हे वडिलांना माहीत आहे, पण चित्रकला म्हणजे नकाशे काढणं असा त्यांचा समज आहे, आणि तो दूर करण्याचं धैर्य मला अजून झालेलं नाही. नकाशे काढणाऱ्याला सरकारी नोकरी लागते.

मी जे सांगणार आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं. पण आधी मामा चित्र काढतात कसे, ते थोडं सांगतो.

मामांच्या पिशवीत रंग पाचच असत. पांढरा चुना, लाल गेरू, पिवळी पिवडी, धुण्याची नीळ आणि चुलीवरच्या तव्याची काजळी. हिरवा हवा असला की नीळ आणि पिवडी एकत्र करायची. हत्तीसाठी काजळीत चुना घालायचा. सगळ्यात बाभळीचा डिंक. कुंचले ते स्वतः करत. मोठ्या भरणीसाठी शिंदीची काडी ठेचून, बारीक रेघेसाठी शेळीच्या कानामागचे केस बांधून. त्या शेळीला मामा लांबून दिसले तरी ती गोठ्याच्या मागे जाई.

मोजमाप विटांवर नाही की फुटपट्टीवर नाही, वितींवर. हत्ती सात विती, मोर तीन विती, चोपदार सहा विती. चोपदार हत्तीपेक्षा जेमतेम एका वितीनं लहान, याचं कोणाला काही वाटत नसे.

"मामा, तुम्हाला चित्रं सुचतात कुठून?" असं मी एकदा विचारलं होतं. वर्गात आमच्या मास्तरांनी 'प्रेरणा' या विषयावर बरंच सांगितलं होतं, त्याच्या भरात.

"सुचायचं काय त्यात? डोळं उघडं ठिवून बाजारातनं हिंडायचं."

आणि खरंच तसं होतं. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या लागल्या, की मामा बैलांच्या झुली बघत उभे राहत. कापडाच्या दुकानात ताग्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रं असतात, ती दुकानदाराकडून मागून आणत. बायकांच्या लुगड्यांचे काठ ते इतके निरखून बघत, की मामींनी त्यांना बाजारात एकटं पाठवणं बंद केलं होतं. वाघ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो त्यांना एका काडेपेटीवर भेटला. त्या पेटीवरचा वाघ डावीकडे बघत होता, म्हणून चाकणपासून खेडपर्यंत लग्नघरांवरचे सगळे वाघ डावीकडेच बघतात. एका घरात नवरदेव पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलेला होता. मुलीच्या बापाला जावयाचा भारी अभिमान. त्यानं मामांना सांगितलं, की चोपदार जुने झाले, दाराशी कंपनीचा पहारेकरी काढा. मामा दुसऱ्या दिवशी पायी पिंपरीला जाऊन कंपनीच्या फाटकासमोर दुपारभर बसून आले. त्या पहारेकऱ्यानं त्यांना तीनदा हटकलं. पण भिंतीवर जो पहारेकरी उभा राहिला, खाकी कपडे, शिट्टी आणि कपाळावर आठी, तो बघून जावई दारातच थबकला म्हणे.

तर त्या मे महिन्यात मी चाकणला गेलो, ते छातीत हवा भरून. वर्षभर मास्तरांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. दिसतं ते काढा, ठाऊक आहे ते विसरा. मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. हिवाळ्यातले सगळे रविवार मी पुण्याच्या बागेतल्या हत्तिणीसमोर बसून काढले होते. तिचा माहूत मला ओळखू लागला होता. हत्तीण मात्र ओळखत नसावी. मी बाजूनं, समोरून, जरा तिरका बसून अशी तिची पन्नासेक चित्रं काढली होती, आणि आता आपल्याला हत्ती येतो असं मला वाटू लागलं होतं.

पहिली भिंत चाकणजवळच्याच एका वाडीतली होती. मी वेल काढत होतो, मामा मोर भरत होते. सहज मान वळवून बघितलं, तर मोराची मान गेरूनं लाल झालेली.

"मामा, मान लाल झाली."

मामांनी कुंचला नाकाशी नेला आणि वास घेतला. मग भांड्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लोक म्हणतील, नवा मोर हाय."

दुपारी आंब्याखाली भाकरी खाताना त्यांनी मला सांगितलं. दिवाळीपासून डोळ्यांपुढे धुकं होतं. आधी सकाळपुरतं असे, आता दिवसभर असे. हातभर अंतरावरचं माणूस कोण ते आवाजावरून कळे. गणपती ते काढू शकत होते, कारण तो आयुष्यभर काढून हाताला पाठ झाला होता. रंग ते वासानं आणि बोटांनी ओळखत होते, पण नीळ आणि गेरू ओले असले की बोटाला सारखेच लागतात.

"डॉक्टरला दाखवू की. पुण्यात मोठं इस्पितळ आहे."

"डोळा कापत्यात तितं." मामांनी कांदा गुडघ्यावर फोडला. "तू कुणाला बोलू नगंस. तुझ्या आईलाबी न्हाई. एकदा बोंब झाली, की पेंटरला दिसत न्हाई, मग कोण भिंत देईल? पुण्याचे पेंटर यायला लागल्यात. पत्र्यात कापलेला हत्ती आणत्यात, भिंतीला लावला, वरनं रंग फासला, झालं. तेंच्यापुढं डोळं असून मी कसाबसा टिकलोय. भिंती गेल्या तर मी घरात बसून काय करू रं? मामीशी भांडू?"

ते हसले, पण मला हसता आलं नाही. ते भिंतीपाशी कसे उभे राहतात, चुना वाळला का हे बघायला तिला गाल कसा लावतात, हे मी लहानपणापासून पाहत होतो.

"उद्यापासनं हत्ती तुझं," ते म्हणाले. "मी गणपती आन् देखरेख. लोकांना वाटलं पायजे, पेंटर भाच्याला तयार करतोय."

पुढची भिंत महाळुंग्याची होती. कांदा-बटाट्याचं मोठं शेत असलेलं घर होतं, आणि मोठ्या नातीचं लग्न. मुलगी निगडीला जाणार होती. घरात सत्ता आजोबांची. त्यांनी आम्हाला न्यायला बैलगाडी पाठवली होती, आणि आम्ही उतरताच मामांना बजावलं, "पेंटर, हे माझ्या घरातलं शेवटचं लगीन मी बघणार. भिंत अशी पायजे की निगडीवाले येशीतनंच वळखतील."

पडवीची ती भिंत खरोखर सुंदर होती. लांब, सपाट आणि वरून पत्र्याची सावली. पहिल्या दिवशी मामांनी गणपती काढला, गेरूत बुडवलेली दोरी ताणून हत्तींच्या जागा आखून दिल्या आणि ते पडवीच्या कोपऱ्यात तंबाखू मळत बसले. दुसऱ्या दिवशी मी उजवीकडचा हत्ती हाती घेतला.

तो हत्ती काढताना मला जे वाटलं ते कसं सांगावं कळत नाही. मामांचे हत्ती सरळ बाजूनं असत. चार खांबांसारखे चार पाय, एकापुढे एक, आणि डोळा माशासारखा. मी तिरका काढला. खांदा पुढे आला, पोट मागे वळलं, कानाची सावली मानेवर पडली. पुढचा डावा पाय उजव्या पायाच्या आड गेला, जसा त्या हत्तिणीचा जात असे. दुपारी मागे सरकून पाहिलं, तर भिंतीत खरोखरच कोणी जड जनावर उभं होतं. मला वाटलं, मास्तरांना हे दाखवायला हवं.

नवरी मुलगी उंबऱ्याच्या आतून बघत होती. "अवो, लंगडा काढलाय का तुमी?" असं म्हणून ती पळाली. मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळच्या उन्हात आजोबा शेतावरून आले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि हत्तीकडे बघितलं. मग काठीच्या टोकानं मोजलं. परत मोजलं.

"ए कालेजवाल्या. ह्याचा चौथा पाय कुटाय?"

"मागं आहे, आजोबा."

"मागं कुटं?"

"म्हणजे या पायाच्या मागं. आपल्याला दिसत नाही, पण आहे."

"मागं तर आमचा गोठा हाय."

मी समजावण्यासाठी तोंड उघडलं, पण आजोबा चालू लागले होते. ते घराला वळसा घालून खरोखर गोठ्यात गेले. आतून म्हशी हंबरल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते दुसऱ्या बाजूनं परत आले.

"म्हशी हायत," ते म्हणाले. "हत्तीचा पाय काय दिसला न्हाई."

एवढ्यात शेजारपाजारची माणसं जमली. मांडवाचे बांबू घेऊन आलेले गडी बांबू खाली ठेवून उभे राहिले. प्रत्येकानं पाय मोजले. एक जण म्हणाला, "बैल घेताना आपुन चारी पाय बघून घेतो, आन् हत्ती तीन पायांचा?" दुसरा म्हणाला, "बसलेला काढायचा व्हता राव, मोजायची भानगडच न्हाई."

माझे कान तापले होते. तरी मला वाटलं, हे अज्ञान आहे, आणि शिकलेल्या माणसाचं काम ते दूर करणं हे आहे. हे आता लिहिताना मला लाज वाटते. अंगणात गाडीचा बैल बांधलेला होता. मी आजोबांना हाताला धरून तिरक्या बाजूला उभं केलं.

"आता इथून बघा. या बैलाचे पाय किती दिसतात?"

"चार."

मी वळून पाहिलं. नेमक्या त्याच क्षणी बैलानं माशी झटकायला पुढचा पाय उचलला होता.

सगळं अंगण हसलं. आजोबा मात्र हसले नाहीत. "आमचा बैल जित्ता हाय, म्हणून पाय हलवून दावतो. तुझा दावतो का? पोरीला ह्या दारातनं जायचंय. तीन पायांचा हत्ती जाग्यावरनं हलंल का? लक्ष्मी घिऊन येईल का?" मग ते पडवीच्या कोपऱ्याकडे वळले. "पेंटर, आमी भिंत तुमाला सांगितली, भाच्याला न्हाई. हे खरवडून काढा आन् सोताच्या हातानं दुसरा काढा. आत्ता. माझ्यासमोर."

आता हत्तीचा प्रश्नच राहिला नव्हता. मामा उठतील, कुंचला घेतील, आणि सगळ्या महाळुंग्यासमोर चुकीच्या भांड्यात बुडवतील. आणि ते माझ्यामुळे. मी हत्तीला एक पाय साधा, खांबासारखा काढला असता, तर काय बिघडलं असतं?

मामांनी तंबाखू तोंडात टाकली. घाई न करता हात झटकले. मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "पाव्हणं, चौथा पाय आज कसा काढायचा?"

"म्हंजी?"

"हत्तीचा चौथा पाय हळदीच्या दिवशी काढायचा असतो. नवरीला हळद लागली, की मग. आदी काढला तर हत्ती लगनाच्या आदीच निघून जातो. तीन पायांवर खिळवून ठिवायचा, आन् हळदीला पाय द्यायचा. नखं नवरीनं हळदीच्या बोटानं लावायची. मग तो पोरीबरुबर सासरपतुर जातो." आणि जरा थांबून, "तुमाला ठाऊकच आसंल."

मी मामांकडे बघतच राहिलो. मामा तीस वर्षं भिंती रंगवत होते, पण त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. जमलेल्या माणसांकडे बघितलं. "ठाऊक हाय की," ते शेवटी म्हणाले. "मला कोण शिकवतंय? आमच्या थोरल्या चुलत्याच्या लगनात असंच केलं व्हतं. ह्या पोराला सांगता येत न्हवतं व्हय? मागं हाय, मागं हाय करतंय कवाचं."

बांबूवाले गडी माना डोलवत कामाला लागले. "व्हय व्हय, आमच्याकडं बी हायच तसं," असं त्यांतला एक म्हणाला.

नंतर कांद्याच्या वखारीआड मी मामांना गाठलं. "मामा, असा रिवाज आहे?"

"आता हाय."

"पण हे खोटं आहे."

"आन् तुझा पाय मागं हाय, ते खरं?"

मी एवढंच विचारलं, "हळदीला काढणार कोण?"

"मीच. सगळ्यांच्या देखत. तू फकस्त मला रेघ दाखव."

हळद परवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डावीकडचा हत्ती काढायला घेतला, तोही तीन पायांचा. पण माझं लक्ष सगळं उजवीकडच्या चौथ्या पायात होतं. तिरक्या उभ्या हत्तीला खांब चिकटवून चालणार नव्हतं. तो खांबच दिसला असता. मग मला तो बैल आठवला. मी पिशवीतून वही काढली आणि बागेतल्या हत्तिणीची पानं उलटली. शेवटाकडे एक पान होतं. माहुतानं ऊस दाखवला आणि ती त्याच्याकडे निघाली, तेव्हाचं. हलली, म्हणून मी त्या चित्रावर फुली मारली होती. त्या चित्रात आडचा पाय उचलून पुढे आला होता आणि चारही पाय दिसत होते.

पन्नास चित्रांत एकच चालणारं, आणि त्यावर फुली. मला माझंच हसू आलं.

बाभळीचा काटा घेऊन मी तो पाय भिंतीवर चुन्यात कोरला. रंग नाही, नुसती खरवडलेली रेघ, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. मग मामांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर बोटं फिरवली, गुडघ्यापासून खाली, परत वर. विती घातल्या. "उचललेला काढलायस," ते म्हणाले. मी हो म्हणालो. "बरं केलंस. मला खांब काढून काढून कटाळा आला व्हता."

हळदीच्या दिवशी मामा धुतलेला फेटा बांधून आले. वाजंत्रीवाले आधीच बसले होते. काजळी-चुन्याचं भांडं मी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं, दुसरं कुठलंच भांडं जवळ राहू दिलं नाही. नवरीला हळद लागली आणि बायका तिला पडवीत घेऊन आल्या. मामांनी डावा तळवा भिंतीवर टेकवला, रेघ सापडली, आणि कुंचला चालू लागला. रेघ कुठे सुटली नाही. फक्त खाली आल्यावर माझी रेघ जिथे संपत होती तिथे त्यांचं बोट थांबलं नाही. पाय चार बोटं जास्त खाली आला, थेट जोत्याच्या कडेवर.

मग नवरीनं नखं लावली. चार लावायची होती. तिनं पाच लावली. मी बोलणार होतो, पण तिचं बोट भिंतीवर होतं आणि ओठ थरथरत होते. मघापर्यंत हसत असलेली मुलगी, एकदम काय झालं तिला कोण जाणे. पाचवं नख लावून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग बायकांनी तिला आत नेलं. डावीकडच्या हत्तीचा पायही मामांनी तशीच कोरलेली रेघ चाचपून काढला.

आजोबा अंगणात लांब जाऊन उभे राहिले. "आता निघाला," ते म्हणाले.

खरोखर तसंच दिसत होतं. तो पाय मोजमापात चुकला होता, हे मला दिसत होतं. पण तो जोत्यावर आला होता म्हणूनच हत्ती भिंतीतून उतरून दाराकडे येतोय असं वाटत होतं. सुटीनंतर मी आठवणीनं त्याचं चित्र काढून मास्तरांना दाखवलं. "हा पाय लांब झालाय," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. मग ते पुन्हा मागे आणलं. "हा तुझा नाही. कोणाचा?" मी सांगितलं. चित्र बराच वेळ त्यांच्या टेबलावर होतं.

पुढे जे झालं त्याची मामांनाही कल्पना नव्हती. महाळुंग्याच्या लग्नाला आसपासच्या पाच-सात गावची माणसं आली होती. तुळशीच्या लग्नानंतर जी लग्नं ठरली, त्या प्रत्येक घरातून निरोप आला. भिंत भाच्यानं रंगवली तरी चालेल, चौथ्या पायाला मात्र पेंटरांनी स्वतः यायचं. गाडी पाठवतो. मामा फेटा बांधून जात, तळवा भिंतीवर टेकवत, पाय काढत, जेवून येत. डोळ्यांचं हळूहळू सगळ्यांना कळलंच. आईलाही कळलं आणि तिनं आम्हा दोघांनाही सारखंच फैलावर घेतलं. पण भिंत कोणी परत घेतली नाही. एक म्हातारी तर म्हणाली, "चौथ्या पायाला डोळं कशाला लागत्यात? हात पायजे."

आणि एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या वर्षी परीक्षेच्या घाईत एका घरी मी हत्ती एका दमात पुरा केला, चारही पाय. मला पुढच्या दिवशी शटल गाठायची होती. घरातले एक काका बाहेर आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं, शिकलेला ना तू? चौथा पाय हळदीला काढत्यात, एवढंबी ठाऊक न्हाई? आमच्या आज्ज्याच्या काळापासनं चालत आलंय हे." मी मुकाट्यानं चुना घेतला आणि पाय पुसला.

या पावसाळ्यात मामा ऑपरेशनला तयार झाले. मी, आई, वडील, सगळे सांगून थकलो होतो. त्यांनी कारण वेगळंच दिलं. इतक्या पोरींनी नखं लावली, पण लावताना त्यांचं तोंड कसं होतं हे एकदाही दिसलं नाही, म्हणाले. आता त्यांना बाटलीच्या बुडासारखा चष्मा आहे. एका डोळ्यानं चांगलं दिसतं. चष्मा आल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी ते माझ्याबरोबर चाकणहून चालत महाळुंग्याला आले.

दिवाळीला त्या घरानं भिंतीला चुना दिला होता, पण हत्तींच्या कडेकडेनं. बाकीची भिंत पांढरीशुभ्र आणि त्यात ते दोघे जरा मळलेले. मामा अंगणात उभे राहून खूप वेळ बघत होते. त्यांनी माझा तिरका हत्ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग पुढे गेले आणि चौथ्या पायावर तळवा ठेवून तो झाकला. मान कलती करून बघितलं.

"तिनावरबी हुबा ऱ्हायला असता रं," ते म्हणाले.

तेवढ्यात घरातून आजोबा काठी आपटत बाहेर आले.

"पेंटर, हात काढा त्या पायावरनं! परवा नात यायचीय म्हायेरला. हत्ती लंगडा दिसाय नगो."